दुधाची गाठ

हे मी अजून कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकीपाशी नाही, येमाईच्या देवळात एकटी बसले असतानासुद्धा नाही. देवीला आपलं आपण कळलं असेल तर असो — माझ्या तोंडून तिनं ऐकलेलं नाही.

तशी माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. सत्तरी ओलांडली, आता कशाची लाज? मला डावी छाती नाही, हे मी भर बायकांत सांगते. तिथं काय भरते तेही सांगते — मेंढराची लोकर, आणि खाली वजनाला मूठभर बाजरी. लेकीच्या हळदीला अंगावर पाणी उडालं, बाजरी भिजली, लग्नाच्या धांदलीत पिशवी बदलायची राहिली, आणि वरात परतेपर्यंत माझ्या चोळीत मोड आले. हे ऐकून बायका पोट धरधरून हसतात. एक तर म्हणाली, "आजे, आजून चार दिस दम धरला असतास तर भाकरीपुरतं पीक निघालं असतं!" मीही हसते. माझ्यावर हसायला मला दुसरं कुणी लागत नाही.

पण हसवणाऱ्या बाईला एक सोय असते — माहीत आहे का? सगळं सांगते आहे असं वाटतं, आणि जे सांगायचं तेवढं बरोबर गिळता येतं.

मी तेवढं गिळलं आहे. आता ओकते.

त्या वेळची हौसा, म्हणजे मी, कशी होती ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला तिची कीव यायची नाही. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची असेल. कवठे येमाईच्या शिवारात आमची वस्ती. सासऱ्यांनी मेंढरं विकून विहीर पाडली आणि आम्ही धनगराचे शेतकरी झालो. चार-सहा मेंढ्या तेवढ्या दारात राहिल्या, जुनी सवय म्हणून. मेंढरं गेली पण माझा हात राहिला. हा हात — हसू नका — पंचक्रोशीत नावाजलेला होता. कोकरू दगावलं की मेंढीच्या कासेत दूध साकळतं, गाठ होते. ती चाचपायची, मिठाच्या पुरचुंडीनं शेकायची, हळूहळू पिळून मोकळी करायची. सासूनं मला हे शिकवलं आणि मी ते मेंढ्यांवरनं बायकांवर आणलं. कुणी बाळंतीण तापानं फणफणली, छातीचा दगड झाला, की मला बोलावणं यायचं. हौसाबाईचा हात लागला की दूध वाहतं, असं लोक म्हणायचे. मग हौसाबाई नवं लुगडं नेसून, मान वेळावत निघायच्या. सातवी पास बाई, पण गाठीवर हात ठेवून असे डोळे मिटायची, की आतून तिच्याशी कुणी फोनवर बोलतंय!

मग एक दिवस तिच्याच छातीत गाठ लागली.

दुधाची कुठून असणार? लेक लग्नाला आलेली. तरी त्या शहाणीनं दोन-तीन महिने शेकलं. मीठ झालं, रुईचं पान झालं, एरंडेल झालं. आणि शेकता शेकता तिच्या बोटांना एक गोष्ट कळली, जी सासूनंही कधी शिकवली नव्हती. दुधाची गाठ हाताखाली सरकते. दुखते — दाबली की जीव जातो. ही सरकत नव्हती आणि दुखतही नव्हती. बोराची आठोळी मांसात पुरून ठेवावी तशी नुसती बसली होती.

हे नीट ध्यानात ठेवा. मला हे ठाऊक होतं.

पुण्याला नेलं. सुई घालून बघितलं, गाठ वाईट निघाली. छाती काढली, काखेतलंही काही काढलं, आणि ते सगळं तपासायला पाठवलं. कुठवर पसरलंय ते रिपोर्ट आल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. तोवर वाट बघायची.

गावात आम्ही काय सांगितलं? — पिशवी काढली. आमच्याकडं तेव्हा गर्भपिशवी काढणं म्हणजे दाढ काढण्यासारखं झालं होतं, निम्म्या गावानं काढलेली. कुणी दुसरा प्रश्न विचारीना. असं का सांगितलं? तर आमच्या मंदाचं जमत आलेलं. मांडवगण फराट्याचे पाहुणे, मुलगा कारेगावला कंपनीत परमनंट. पोरीच्या आईला असला आजार म्हटल्यावर पाहुणे चहासुद्धा न पिता उठले असते. खाण तशी माती, असं आपल्यात म्हणतात ना? मग त्या मातीचं भांडं घ्यायला कोण येतंय?

हे खोटं मी माझ्या खात्यावर धरतच नाही. ते सगळ्यांनी मिळून बोललेलं होतं. मालक बोलले, दीर बोलले, मीही बोलले. त्यापुढचं खोटं माझं एकटीचं.

वस्तीवर जखम लपायची नाही. म्हणून मालकांनी मला दौंडला नेऊन ठेवलं, शेवंताकडं.

शेवंता माझी पाठची बहीण. तिचे मालक रेल्वेत पॉइंटमन, आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागं पेरूचं झाड, आणि पुढच्या खोलीत शेवंताचं शिलाई मशीन. रेल्वे कॉलनीतल्या निम्म्या बायकांची पोलकी ती शिवायची. तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. मला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, भाकरी कुस्करून द्यायची, आणि वर बोलायची — "आक्का, तुझं आता निम्मंच माप घ्यायचं. शिलाई बी निम्मीच घीन, भिऊ नगंस."

जखमेतून एक नळी काढलेली होती, तिच्या टोकाला बाटली. त्यात पाणी साचायचं ते रोज मोजून ओतायचं. मला त्या बाटलीकडं बघवत नव्हतं. शेवंता ती उजेडात धरून म्हणायची, "आज धार कमी दिलीस गं. पेंड वाढवाया पायजे!" मी रडत असायची ते हसायला लागायची, आणि हसलं की टाके ओढायचे, मग मी तिला शिव्या द्यायची.

हात वर जात नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. शेवंता शिवणाचा खडू घेऊन शेजारी उभी राहायची. बोटं जिथं थांबतील तिथं रेघ मारायची. "कालच्यापरीस दोन बोटं वर. चल, छताला हात लावल्याबिगर जेवाया देणार न्हाई." भिंतीवर रेघांची शिडी झाली.

लोकरीची पिशवीही तिचीच अक्कल. वस्तीवरनं मालकांनी लोकर आणली, तिनं ती पिंजून मऊ केली, खणाच्या कापडाची पिशवी शिवली, पोलक्याला आतून कप्पा लावला. पण लोकर हलकी. चालले की पिशवी वर चढून गळ्याशी यायची. आम्ही दोघी आरशासमोर हसून हसून खाली बसलो. मग तिनं तळाला बाजरी घातली, हातावर तोलली, उजव्या बाजूशी नजरेनं माप लावलं, परत थोडी घातली. अशी बरोबर बसली, की मंदाच्या सासूनं पुढं माझी गळाभेट घेतली तरी तिला कळलं नाही.

अशी होती शेवंता. आता तुम्हाला कळेल मी काय केलं ते.

रिपोर्ट येत नव्हता. दाजी ड्युटी सांभाळून पुण्याला जाऊन विचारून यायचे — आज नाही, परवा या. संध्याकाळी पुण्याकडची गाडी दौंडात शिरली की शेवंताचं मशीन थांबायचं. दाजींच्या पायांचा आवाज ओळखता येतो का ते आम्ही दोघी ऐकत बसायचो. दाजी दारातनंच मान हलवायचे. मशीन पुन्हा सुरू व्हायचं. मी मात्र तिथंच थांबलेली. वाट बघणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी येमाईला साडीचोळीचा नवस बोलले. मग वाटलं कमी होईल, म्हणून पाळणा बोलले. भाजी बाजारात बसल्यासारखी देवीशी घासाघीस चालली होती.

आणि माणूस तेव्हा फार वाईट होतं. शेवंता दोरीवर धुणं वाळत घालायची. दोन्ही हात वर करून. चिमटा तोंडात, लुगड्याचा एक पदर एका हातात, एक दुसऱ्यात. मी खाटेवरनं बघायची. तिचे दोन्ही हात वर जातात याचा मला राग यायचा. तिचं पोलकं दोन्हीकडनं भरलेलं याचा राग यायचा. जी बाई माझी घाण काढत होती, तिच्या अंगाचा मला राग यायचा. सांगा, अशा बाईला काय म्हणायचं?

एका दुपारी तिनं मला न्हाऊ घातलं, पाठ पुसली, आणि मशीनवर जाऊन बसली. थोडं शिवलं. मग मशीन थांबलं. गाडीची वेळ नव्हती, तरी थांबलं. ती उठून माझ्यापाशी खाटेवर येऊन बसली आणि हळू आवाजात बोलली. शेवंता हळू बोलते हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"आक्का, जरा हितं हात लाव की. मला बी कायतरी लागतंय. तुझा हात सांगंल."

तिनं माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि नेऊन जागेवर ठेवला.

मी चाचपलं. सवयीनं डोळे मिटले असतील, काय माहीत. बारीक होती, माझ्याहून बारीक. मी दोन बोटांत धरून सरकवून बघितली. सरकली नाही. दाबली. शेवंतानं हूं का चूं केलं नाही.

बोराची आठोळी.

आता नीट ऐका, कारण हे मी एकदाच म्हणणार आहे. त्या घडीला माझ्या मनात पहिलं काय आलं? बहिणीची काळजी? — नाही. भीती? — तीही नंतर. पहिलं आलं ते हे, की बरं झालं. मी एकटी नाही. माझं अंग पोळलं होतं ना, त्यावर कुणी गार पाणी ओतावं तसं वाटलं. किती वेळ वाटलं? डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढा. पण वाटलं. मी ते पुसून काढायला इतकी वर्षं घासते आहे, जात नाही.

आणि मग तोंडानं काय बोलले?

"दुधाची गाठ हाय, येडे."

"आता कुठलं दूध आक्का? धाकटी रेखा धा वर्साची झाली."

"ऱ्हातं. साकळून ऱ्हातं वरसानुवरसं. मिठानं शेक रोज. मोकळी व्हईल."

तिचा चेहरा असा उजळला! "मला मेलीला वाटलं, तुझं बघून मला बी आलं की काय," असं म्हणून ती हसली, मला एक चापट मारली, आणि जाऊन मशीनवर बसली. त्या दुपारी तिनं गाणं म्हणत म्हणत एक अख्खं पोलकं शिवून काढलं. मी खाटेवर पडून ते मशीन ऐकत होते.

का बोललीस असं? — विचारा ना. मी स्वतःला वर्षानुवर्षं एकच उत्तर दिलं — मंदासाठी. दोघी बहिणींना एकाच वेळी निघालं असतं तर पिशवीचं खोटं टिकलं नसतं, बोभाटा झाला असता, पोरीचं मोडलं असतं. चांगलं उत्तर आहे. आईचं काळीज वगैरे. मलाही पटायचं. त्यात एक बारीक उत्तर लपलेलं होतं तेही सांगते — शेवंता दवाखान्यात गेली असती तर मला न्हाऊ कुणी घातलं असतं?

पण पुढचं ऐका, म्हणजे त्या उत्तरांचं काय होतं ते दिसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दाजी एका संध्याकाळी दारातून मान न हलवता थेट आत आले. रिपोर्ट आला होता. काखेत पसरलेलं नाही. गोळी चालू ठेवायची, तपासायला येत राहायचं, बस. शेवंता पेढे घेऊन कॉलनीभर फिरली — "आमच्या आक्काच्या पिशवीचा रिपोर्ट चांगला आला!" परत आली आणि एक पेढा माझ्या तोंडात कोंबला. तेव्हा बोलता आलं असतं. माझं मरण टळलं होतं, आता तिचं बघू या, एवढं म्हणायला काय लागत होतं? तोंडात पेढा होता. चघळत बसले.

वैशाखात मंदाचं लग्न झालं. कारेगावला तिचं बिऱ्हाड लागलं. आता पाहुणे उठून जायचा प्रश्न मिटला — व्हय का नाही? वरात गेल्यावर मोड आलेली बाजरी काढून शेवंता माझी पिशवी परत भरत होती. हसत होती. मग हसता हसता म्हणाली, "आक्का, शेकून शेकून कातडं काळं पडलं, पर ती हाय तितंच हाय गं. वाढल्यावानी वाटती."

"दुखती का?"

"न्हाई."

"मग काय भ्यायचं? माझी दुखायची."

माझी दुखायची! बघितलंत? लग्न लागलं होतं, पोरगी गेली होती, कशाचीही आडकाठी उरली नव्हती, आणि त्या बयेनं नुसतं खोटं सांगितलं नाही — खरं उलटं करून सांगितलं. कशासाठी? आता खरं सांगावं तर आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न येणार. त्या एका प्रश्नाला मी भ्याले. मंदा वगैरे काही नाही. नावाजलेल्या हाताची बाई आपलं नाव सांभाळत होती. शेवंतानं पिशवीचं तोंड शिवलं, दातानं दोरा तोडला आणि "बरं बाई" म्हणाली.

पुढच्या वर्षीच्या थंडीत तिच्या पोलक्यावर डाग दिसला. दाजींनी बघितला. त्यांना कळेना, त्यांनी मला निरोप धाडला, आणि आम्ही तिघं पुण्याला गेलो. त्याच दवाखान्यात. गाठ फुटून जखम उघडी पडली होती. ती शिवणारी बाई, कापडाच्या घड्या ठेवून ठेवून महिनोन्महिने लपवत होती, कुणाला वास येऊ नये म्हणून पोलक्यात कापूर ठेवत होती.

डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हाला आत बोलावलं. त्यांचा आवाज चढलेला. इतके दिवस काय करत होतात? बहिणीचं ऑपरेशन डोळ्यांनी बघितलंत ना? तरी अंगावर काढलंत?

शेवंता खाली बघत होती. म्हणाली, "मला वाटलं दुधाची असंल."

मला वाटलं. आक्का म्हणाली, असं नाही. मला वाटलं.

दाजी एकदम फुटले. रडत होते आणि ओरडत होते — इतकं लपवलंस, नवऱ्याला बोलली न्हाईस, मी काय मेलो व्हतो का? आणि मग खोलीत सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी, दाजींनी. थोरली बहीण. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी बोलले.

"आगं येडे! मी व्हते की! मला तरी सांगायचं व्हतंस!"

बोलले नुसतं नाही, छातीवर हात मारून घेतला. डाव्या. लोकरीवर.

हे आहे ते. एवढंच गिळलेलं होतं मी. दुधाची गाठ म्हणाले ते एक वेळ भिऊन म्हणाले असेन. पण हे भिऊन नव्हतं. हे मला जमलं. आवाज कापला, डोळ्यांत पाणी आलं, दाजींनी मला धरलं — "आक्का, तुम्ही तरी काय करणार?"

शेवंतानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. हात मारताना माझा पदर घसरला होता आणि पिशवी तिरकी झाली होती. तिनं हात लांबवून ती सरळ केली, पदर खांद्यावर ओढून दिला, आणि म्हणाली, "आक्का, पदर घे नीट."

दुसरं काही नाही.

ती पुढं फार दिवस राहिली नाही. मी दौंडला जाऊन राहिले, तिला न्हाऊ घातलं, तिचे कपडे धुतले, दोन्ही हात वर करून वाळत घातले. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. दुपारी आम्ही दोघीच असायचो. भिंतीवर माझ्या रेघांची शिडी तशीच होती, कुणी पुसली नव्हती. मी वाट बघायची, की आता ही बोलेल. शिव्या देईल. म्हणेल, तूच सांगितलंस ना? मग मला पाय धरता आले असते, रडता आलं असतं. तिनं माझी तेवढी सोय केली नाही. मंदा कशी आहे विचारायची. पिशवीत बाजरी नवी भरलीस का विचारायची. एकदा तेवढं म्हणाली, "रेखाकडं बघ गं." बघते म्हणाले.

कशी बघितली ते आता सांगते.

शेवंता गेली, मंदाला मूल झालं, तिचं घर बसलं. मग हौसाबाईंना धीर आला. काही जाणार नव्हतं तेव्हा आला. मी सगळ्यांना खरं सांगायला लागले — पिशवी नव्हती बाई, हे होतं. बायकांना ते आवडलं. बचत गटात सांगितलं, मग दुसऱ्या गावच्या गटात, आणि मग एक वर्षी शिरूरला बायकांचं आरोग्य शिबिर होतं तिथं मला स्टेजवर बोलावलं. मी बाजरीचे मोड सांगितले. मांडव हसून हलला. मग निवेदन करणारी बाई माइकवर म्हणाली, बघा, या एकाच आईच्या दोन लेकी. एक वेळेवर आली, ती आज तुम्हाला हसवते आहे. दुसरीनं लपवलं. सख्ख्या बहिणीपासूनसुद्धा लपवलं, आणि ती गेली. टाळ्या झाल्या. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी घेतला.

रेखा पुढच्याच रांगेत होती. शेवंताची रेखा, लग्न झालेली, मला ऐकायला म्हणून दौंडहून आलेली. कार्यक्रम संपल्यावर माझ्यापाशी आली. आईच्या आठवणीनं रडत असेल असं मला वाटलं. ती रागानं रडत होती.

"मावशी, आई आशी कशी गं? तुला बी सांगितलं न्हाई? आमचा इचार बी आला न्हाई तिला?"

मी काय म्हणाले असेन? तुम्ही आता ओळखता मला.

"हट्टी व्हती बाई तुझी आई."

ती शालीत तोंड खुपसून रडली. माझ्या शालीत. तेव्हापासून रेखा आईच्या फोटोला हार घालते तो तोंड फिरवून. स्वतः दर वर्षी तपासायला जाते, पोरींना नेते, आणि म्हणते, मी माझ्या आईसारखी न्हाई, मी लपवणारी न्हाई. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात शेवंताचं नाव आता तेवढ्यासाठीच निघतं. कुणी दुखणं अंगावर काढलं की म्हणतात, शेवंतासारखं करू नगंस.

मी तिथं बसलेली असते. मान हलवते.

पिशवी अजून वापरते. कापड विरलं तेव्हा बदललं, पण माप शेवंताचंच आहे. दर वर्षी नवी बाजरी आली की जुनी कोंबड्यांना टाकते आणि हातावर तोलून नवी भरते. तिच्यासारखी एका वेळेत कधी जमत नाही.

शेवंतानं लपवलं नव्हतं. दौंडच्या क्वार्टरमध्ये, भर दुपारी, शिवता शिवता मशीन थांबवून ती उठली होती. माझा हात हातात धरून तिनं जागेवर नेऊन ठेवला होता. नवऱ्याच्या आधी, डॉक्टरच्या आधी, सगळ्यांच्या आधी तिनं सांगितलं होतं.

मला सांगितलं होतं.